तिघांतला एक बाहेर गेल्यावर

समजा, शनिवारची संध्याकाळ आहे आणि हे काम तुमच्या टेबलावर आलंय. समोर अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या एका कॉन्फरन्सचा तक्ता आहे. कॉन्फरन्स म्हणजे आपापसांत खेळायचं ठरवलेल्या कॉलेजांचा गट. या गटात बारा कॉलेजं आहेत. सगळी सगळ्यांशी खेळत नाहीत, कारण सीझनमध्ये तेवढे शनिवारच नसतात. शेवटी तक्त्यातल्या पहिल्या दोघांची चॅम्पियनशिप मॅच होते. यंदा पहिला नंबर ठरलाय. दुसऱ्या नंबरावर तिघं बरोबरीत आहेत: हार्लन स्टेट, कोल्टन आणि वेस्टब्रुक. हार्लनने कोल्टनला हरवलंय, कोल्टनने वेस्टब्रुकला आणि वेस्टब्रुकने हार्लनला. जागा एकच आहे. कोणाला पाठवाल?

नियम उघडा. पहिली पायरी: तिघांच्या आपापसांतल्या मॅचेस बघा. त्यात तिघंही एक जिंकले, एक हरले. दुसरी पायरी: तिघंही ज्यांच्याशी खेळले अशा कॉलेजांविरुद्ध कोणी काय केलं ते बघा. तिथे वेस्टब्रुक एक मॅच हरलंय, बाकी दोघं एकही नाही. म्हणजे वेस्टब्रुक बाहेर. उरले हार्लन आणि कोल्टन.

आता? पुन्हा पहिल्या पायरीवर गेलात, तर दोघांच्या मॅचमध्ये हार्लन जिंकलंय, म्हणजे हार्लन जाणार. आहात तिथूनच तिसऱ्या पायरीवर उतरलात, तर तिथे बघायचं की कोणाचे प्रतिस्पर्धी जास्त तगडे होते, आणि त्यात कोल्टन पुढे आहे. म्हणजे कोल्टन जाणार. नियमात इथे एकच वाक्य आहे: उरलेल्या संघांना हीच पद्धत लागू राहील.

पुन्हा पहिल्यापासून, की इथून पुढे? ते वाक्य सांगत नाही. ज्याने लिहिलं त्याला विचारायला हवं.

आमच्या डब्लिनचे अतुल वैरागडे यांना हा प्रश्न त्या शनिवारच्या चार वर्षं आधीच पडला होता. त्यांनी विचारला नाही.

डब्लिन म्हणजे आयर्लंडचं नव्हे, ओहायोतलं, कोलंबसला लागून असलेलं. इथल्या मराठी घरांत त्यांना सगळे अतुलकाका म्हणतात. मूळ नागपूरचे. एका मोठ्या इन्शुरन्स कंपनीच्या क्लेम सिस्टीमवर त्यांनी इतकी वर्षं काम केलं की तिथल्या नव्या पोरांना सिस्टीम आधी आली की अतुल, हे सांगता येत नसे. मग एका मंगळवारी सकाळी सगळ्या टीमला एकाच कॉलवर बोलावलं आणि कॉल संपला तेव्हा टीम नव्हती. ग्रीन कार्डची रांग अजून हललेली नव्हती. व्हिसा नोकरीवर अवलंबून. दोन महिन्यांत दुसरी नोकरी, नाहीतर सामान बांधा. मुलगी आन्या बारावीत होती.

खेळांचा डेटा सांभाळणाऱ्या एका लहान कंपनीतून बोलावणं आलं. अतुलकाकांना क्रिकेट यायचं. त्यातली नेट रन रेटची गणितं ते तोंडी करायचे. कॉलेज फुटबॉल म्हणजे शनिवारी रस्ते तुंबतात तो प्रकार, एवढंच त्यांना ठाऊक. इंटरव्ह्यूच्या आदल्या रविवारी आन्याने त्यांना डायनिंग टेबलावर बसवलं. तिने मिठाची बाटली, लोणच्याची बरणी आणि चमचे मांडले.

"हा क्वार्टरबॅक, बॉल फेकणारा. याला वाचवायचं."

"कोणापासून?"

"या सगळ्या चमच्यांपासून. बाबा, सीरियसली, तुम्ही वीस वर्षं इथे काय करत होता?"

"काम," अतुलकाका म्हणाले. "आणि तुला पोहायला नेणं, व्हायोलिनला नेणं, स्पेलिंग बीला नेणं."

"आणि गाडीत रोज तेच विचारणं." आन्याने त्यांचा आवाज काढला. "'आज वर्गात काय प्रश्न विचारलास?'"

"मग! उत्तर कोणीही पाठ करतं. पोरीने हात वर करून विचारलं पाहिजे."

सरलाकाकू ओट्याजवळून म्हणाल्या, "ती लोणच्याची बरणी मोकळी करा आधी. क्वार्टरबॅकला जेवणात वाढायचंय."

इंटरव्ह्यूत पहिलाच प्रश्न आला, कॉलेज फुटबॉल बघतोस का. अतुलकाका म्हणाले, ऑफ कोर्स, एव्हरी सॅटर्डे. नोकरी मिळाली.

त्याच वर्षी त्या कॉन्फरन्सने आपले दोन विभाग मोडले. आधी दोन विभागांचे दोन विजेते सरळ एकमेकांशी खेळत. आता बाराही कॉलेजं एकाच तक्त्यात आली, म्हणजे बरोबऱ्या होणार, म्हणून त्या सोडवण्याचे नियम नव्याने लिहिले गेले. ते कॉम्प्युटरवर उतरवायचं काम अतुलकाकांच्या कंपनीला मिळालं आणि कंपनीने ते अतुलकाकांना दिलं. नियम लिहिणारे वॉल्ट नावाचे वयस्कर गृहस्थ मीटिंगला स्वतः आले होते. त्यांनी तासभर समजावलं, चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "एनी क्वेश्चन्स?"

अतुलकाकांना प्रश्न होता. तिघांतला एक बाहेर गेल्यावर पुढे काय? पण त्यांना वाटलं, हे तर या खेळातलं शेंबड्या पोरालाही माहीत असणार. दर शनिवारी बघणारा माणूस हे विचारेल का? नोकरीला जेमतेम दोन महिने झालेले. त्यांचा मॅनेजर ब्रायन शेजारी बसलेला. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "नो, ऑल क्लिअर."

मग त्यांनी ते क्रिकेटसारखं केलं. आपल्याकडे तक्ता एकदाच लागतो. गुण बघा, सारखे असतील तर विजय बघा, तेही सारखे असतील तर रन रेट. एकापुढे एक चाळण्या. खालच्या चाळणीत पडलेला दाणा कोणी उचलून पुन्हा वरच्या चाळणीत टाकत नाही. त्यांनी प्रोग्रॅम तसा लिहिला. तो तपासायच्या चाचण्याही त्यांनीच लिहिल्या, त्यामुळे त्या सगळ्या पास झाल्या.

आन्या हार्लन स्टेटला गेली. घरापासून तीन तासांवर. कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला नाव घातलं आणि पहिल्याच आठवड्यात मार्चिंग बँडमध्ये सुझाफोन वाजवायला लागली. सुझाफोन म्हणजे अंगाभोवती अजगरासारखं गुंडाळलेलं पितळी वाद्य, त्याचं परातीएवढं तोंड डोक्यावर. ते घेऊन ही पाच फुटी पोरगी मैदानभर चालायची. दुसऱ्या वर्षी तिने फोन करून सांगितलं की ती इंजिनीअरिंग सोडतेय, संगीत शिक्षक व्हायचं शिक्षण घेणार आहे.

अतुलकाका गप्प राहिले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "म्हणजे लोकांच्या वरातीत वाजवणार का? बँडवाली?"

ती अमेरिकेत जन्मलेली, पण तीन लग्नांना भारतात जाऊन आलेली. लाल कोट घालून वरातीपुढे चालणारे आणि शेवटी मागच्या दाराशी जेवायला बसणारे ते लोक तिने पाहिले होते. तिला बरोबर कळलं.

त्यानंतर तिचं आणि वडिलांचं बोलणं एकाच विषयावर उरलं. सीझनमध्ये दर शनिवारी रात्री ते घरी आले की तिचा फोन यायचा, "बाबा, टेबल काय म्हणतंय?" आणि अतुलकाका तक्ता बघून सांगायचे. कोण हरलं तर हार्लन वर जाईल, कोणाचं कोणाशी राहिलंय. पाच-सात मिनिटं दोघं नीट बोलायचे. मग ती म्हणायची, आईला दे.

तिचा बँड त्यांनी एकदाही पाहिला नाही. शनिवार म्हणजे त्यांच्या कामाचा दिवस. सकाळपासून ऑफिसात स्क्रीनची भिंत, प्रत्येक मॅच संपली की तक्ता तपासून पुढे पाठवायचा. हार्लनची मॅचही त्यांच्यासमोर चालू असायची, पण हाफटाइमला बँड मैदानात आला की टीव्हीवाले स्टुडिओत जायचे. सूट घातलेले चौघं बडबडायचे. कधी त्यांच्या मागच्या काचेतून दूरवर पितळ चमकून जायचं.

सरलाकाकू मात्र घरच्या मैदानावरची एकही मॅच चुकवत नसत. बँडमधल्या मुलांचे आईबाप पार्किंगमध्ये शेगड्या मांडून खात-पीत बसायचे. त्यांच्यात काकूंची कोथिंबीर वडी इतकी चालायची की एका आजोबांनी तिला 'ग्रीन ब्राउनी' नाव ठेवलं होतं.

"एक शनिवार मागा ना," काकू म्हणायच्या. "चार वर्षांत एक."

"सीझनमध्ये कसा मागू, बाप्पा? डेस्कवर दोघंच तर आहोत."

"मागून तर बघा. फार तर नाही म्हणतील. तुम्ही त्यांच्या वतीने आधीच नाही म्हणून मोकळे होता."

"चॅम्पियनशिपचा शनिवार मोकळा असतो मला," अतुलकाका म्हणायचे. "तेव्हा तक्ताच नसतो. हार्लन फायनलला गेलं की जाऊ."

"वा! म्हणजे तुमच्या रजेसाठी त्या अकरा पोरांनी जिंकायचं."

आणि शेवटच्या वर्षी ती पोरं खरंच जिंकत गेली. नोव्हेंबरात अतुलकाकांनी फायनलच्या शहरातलं हॉटेल बुक केलं. आन्याला फोनवर म्हणाले, "यंदा फायनलला आलात तर मी येतोय." मग ती म्हणाली, "ओके. मी तिसऱ्या रांगेत असते, डावीकडून दुसरी. बेलवर, म्हणजे त्या मोठ्या तोंडावर, केशरी स्टिकर आहे, वरून दिसेल." त्यांनी ऑफिसच्या टेबलावर तिचा गणवेशातला फोटो लावला. टोपीवर लाल तुरा, छातीवर मोठा एच.

शेवटच्या शनिवारी दुपारीच हार्लन जिंकलं. कोल्टनही जिंकलं. ऊन उतरायच्या वेळेला वेस्टब्रुकची मॅच संपली, तेही जिंकले, आणि तुम्हाला सुरुवातीला दिला तोच पेच त्यांच्या स्क्रीनवर आला. त्या प्रोग्रॅमने चार वर्षांत अशी बरोबरी पाहिलीच नव्हती. त्याने क्षणभरही न थांबता उत्तर दिलं: कोल्टन.

अतुलकाकांना कळायला वेळ लागला नाही. आपलं चुकलं कुठे, ते त्यांना चार वर्षं माहीत होतं. तसा पेच सोडवायची वेळ येणार नाही, असं ते धरून चालले होते.

ते ब्रायनकडे गेले. ब्रायनचा हात तक्ता पाठवायच्या बटणाजवळ होता.

"थांब. त्या वाक्याचा दुसरा अर्थ होऊ शकतो."

"कुठल्या वाक्याचा?"

अतुलकाकांनी समजावलं. ब्रायनने ऐकून घेतलं, मग खुर्ची वळवली. "हे तुला आत्ता सुचलं?"

"नाही."

"म्हणजे आधी माहीत होतं? त्या मीटिंगमध्ये वॉल्ट समोर बसला होता, अतुल. त्याने विचारलं, काही प्रश्न? तू म्हणालास, ऑल क्लिअर. मी तिथे होतो."

"हो."

कॉन्फरन्सच्या लोकांना फोन लावला गेला. एक बाई आणि दोन पुरुष, अशी तीन माणसं लाइनवर आली. वॉल्ट त्यांत नव्हते. ते रिटायर झाले त्याच वर्षी वारले होते. इतर कॉन्फरन्स काय करतात, कोणीतरी विचारलं. बऱ्याच ठिकाणी एक बाहेर गेला की उरलेले पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात, असं अतुलकाका म्हणाले. त्यांचा आवाज जरा चढला होता. चार वर्षांत बहुधा पहिल्यांदाच ते मीटिंगमध्ये कोणाच्या मध्ये बोलले. "तिघं असताना बरोबरी होती, दोघांत ती नाहीच. दोघांतला एक समोरासमोर जिंकलाय. ते बघायचंच नाही, हे कसं?"

फोनवरच्या बाईंना ते पटत होतं, असं त्यांना वाटलं. त्या म्हणाल्या, "इट्स अ फेअर पॉइंट."

तेवढ्यात ब्रायन अतुलकाकांच्या टेबलाकडे बघत होता. त्याने फोन म्यूट केला.

"तो गणवेश हार्लनचा आहे ना?"

"माझी मुलगी. बँडमध्ये आहे."

"जीझस, अतुल."

त्याने म्यूट काढला आणि लाइनवरच्या लोकांना ते सांगितलं. सांगायला हवंच होतं, त्यात त्याची चूक नाही. मग कोणी काही विचारलं नाही. बाईंचा आवाज सपाट झाला. प्रोग्रॅम चार सीझन असाच चालत आलाय, कोणाची तक्रार नाही, ऐन वेळी अर्थ बदलता येणार नाही. कोल्टन.

एका बापाने मुलीच्या कॉलेजसाठी नियम वाकवायचा प्रयत्न केला, एवढाच त्या संध्याकाळचा अर्थ उरला. खरं म्हणजे चार वर्षांत त्यांनी मुलीसाठी केलेली ती पहिलीच गोष्ट होती, आणि ती बरोबरही होती.

अतुलकाका ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीजवळ होते तेव्हा आन्याचा फोन आला. तिच्या मागे ढोल वाजत होते, पोरं ओरडत होती.

"बाबा! आर वी इन?"

"नाही, बेटा. कोल्टन."

"व्हॉट? पण आम्ही कोल्टनला हरवलंय!"

"हो."

"मग?"

त्यांनी सांगितलं. पायऱ्या, वाक्य, वॉल्ट, सगळं. खोटं बोलायचं सुचलं नाही, असं काकू म्हणतात. सुचलं असतं तर बरं होतं, असंही म्हणतात. ढोल मागे पडले. ती बहुधा बाजूला गेली असावी.

"म्हणजे तुम्हाला प्रश्न होता," आन्या म्हणाली. "आणि तुम्ही विचारला नाही."

"तेव्हा आपला व्हिसा..."

"रोज, बाबा. रोज गाडीत. 'आज काय प्रश्न विचारलास?' मी खोटे प्रश्न बनवून सांगायचे तुम्हाला. टीचर बोलत असताना मी फक्त तेच शोधत बसायचे, आज बाबांना काय सांगू."

अतुलकाकांनी गाडीचं दार उघडलं आणि पुन्हा लावलं.

"बँडवाले निदान वाजवतात तरी," ती म्हणाली. "आईला दे."

"आई तिकडेच आहे ना तुझ्याबरोबर."

"ओ. राइट," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

सोमवारी ब्रायनने त्यांना शनिवारच्या डेस्कवरून काढलं. नोकरी राहिली, नवे प्रोग्रॅम तपासायचं काम दिलं, सोमवार ते शुक्रवार. हॉटेलचं बुकिंग कॅन्सल केलं. फायनलच्या शनिवारी दोघं घरीच होते. काकूंनी टीव्ही लावला नाही आणि अतुलकाकांनी लावा म्हटलं नाही. कोल्टन सपाटून हरलं, ते त्यांना दुसऱ्या दिवशी मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. कोणीतरी हसरे चेहरे टाकले होते: 'काका, तुमच्या प्रोग्रॅमने चुकीची टीम पाठवली वाटतं!' गंमत म्हणून लिहिलं होतं. त्याला काय माहीत.

वसंतात कॉन्फरन्सने नियमातलं ते वाक्य दुरुस्त केलं. नव्या वाक्यात गोंधळाला जागा नाही: एक संघ बाहेर गेल्यावर उरलेल्यांसाठी पुढच्या पायरीपासून प्रक्रिया चालू राहील. प्रोग्रॅम बदलावा लागू नये, म्हणून नियम प्रोग्रॅमसारखा लिहिला. क्रिकेटच्या तक्त्यावरून नागपूरच्या एका माणसाने धरलेला अंदाज आता बारा कॉलेजांचा कायदा आहे. ब्रायनने ईमेलमध्ये अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि लिहिलं, 'सो यू वेअर राइट ऑल अलाँग, बडी.'

आन्या पदवी घेऊन नॉर्थ कॅरोलायनात मॉरिसव्हिलला गेली. तिथल्या शाळेत सहावीच्या पोरांना बँड शिकवते. रविवारी आईशी बोलते. वडील फोनवर आले की तब्येत विचारते, नीट विचारते, आणि मग म्हणते, आईला दे. टेबल काय म्हणतंय, हे आता तिला नको असतं.

आता अतुलकाकांना सगळे शनिवार मोकळे असतात.

गेल्या ऑक्टोबरात ते कोणाला न सांगता हार्लनला गेले. तीन तास गाडी चालवली, तिकीट काढलं आणि काकू बसायच्या त्या बाजूला जाऊन बसले. मॅचकडे त्यांचं फारसं लक्ष नव्हतं. हाफटाइमला इथे स्टुडिओ नव्हता, सूटवाले नव्हते. समोरच्या बोगद्यातून बँड सरळ मैदानात आला आणि पहिल्या ठोक्याला खुर्चीचं लोखंड थरथरलं. त्यांनी रांगा मोजल्या. तिसरी, डावीकडून दुसरा. तिथे एक उंच गोरा मुलगा होता. वाद्य मात्र तेच असावं, कारण पितळी तोंडाच्या कडेला एक सोललेला स्टिकर होता आणि त्यात केशरी रंग उरला होता.

त्यांची कायम समजूत होती की एवढ्या मोठ्या वाद्याखाली चेहरा झाकलाच जात असेल. तसं नव्हतं. वरून प्रत्येक पोराचा चेहरा स्वच्छ दिसत होता. आणि वाजवणं थांबून रांगा वळायच्या तेव्हा ती पोरं वर बघत होती. प्रेक्षकांत, ओळीओळीने, आपलं माणूस शोधत. त्या उंच मुलाला सापडलं. तो हसला.

परत येताना अतुलकाकांनी गाडीत आन्याचा नंबर काढला, बघितला आणि फोन खाली ठेवला. घरी आल्यावर काकूंना सगळं सांगितलं. काकू म्हणाल्या, "मग विचारा ना तिला." ते म्हणाले, "विचारीन." अजून विचारलेलं नाही. पण मंडळाच्या दिवाळीत, बटाटेवड्याची ताटली हातात धरून, त्यांनी तो प्रश्न आमच्यासारख्या तिऱ्हाइतांना दोनदा विचारला, जणू आमच्यातल्या कोणाला उत्तर माहीत असेल:

चार वर्षं दर शनिवारी, आई कुठे बसलीय ते ठाऊक असूनही, ती शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायची का?